पंखाखालचा पांढरा पापुद्रा

नारायणरावांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, पण डास एकदा भिंगाखाली आला की त्याचं नाव, गाव, गोत्र सांगून ते मोकळे होत. तुळजापूरच्या एका मास्तरांचा हा मुलगा हैदराबादला कीटकांचं शिक्षण घेऊन आला होता, आणि छप्पन्न साली उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर मलेरिया खात्यात निरीक्षक झाला. फवारणीची टोळी पुढं पाठवायची आणि मागून आपण पितळी सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन गावात मुक्काम ठोकायचा, हे त्यांचं काम. एखाद्या गोष्टीचं नाव कळलं की निम्मं काम झालं, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेलं निम्मं कोण करतं, हा प्रश्न त्यांना सास्तूरला येईपर्यंत पडलेला नव्हता.

सास्तूरला ते दिवाळीनंतर आले आणि मल्लम्माच्या सोप्यात उतरले. मल्लम्मा चाळिशीची विधवा. नवरा शरणबसप्पा दोन वर्षांमागं गेला, पोटी मूलबाळ नाही. भिंतीला भिंत लागून दिराचं, महालिंगप्पाचं घर. दोघा भावांच्या शेतांच्या मध्ये एक लिंब होता, आणि लिंबाला लागून काळ्या जमिनीची एक पट्टी. ती कुणाची, यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद पडलं होतं. वाटणी तोंडी झालेली. करणारा सासरा मेला, ऐकणाऱ्या दोघा भावांतला शरणबसप्पा मेला, आणि कागदाचा तर पत्ताच नाही.

या भागात वेळा अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवतं. शेतात कडब्याची खोप करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून तिच्यात मांडायचे, कालवलेल्या भाज्यांच्या भज्जीचा आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. पांडव जो मांडतो त्याचं ते शेत, असा साधा हिशेब. मागच्या वेळा अमावास्येला त्या लिंबाखाली दोन खोपी झाल्या आणि दोन्ही घरची माणसं एकमेकांकडं पाठ करून आंबील प्याली. गावाला त्याचीच लाज वाटली. शेवटी मठाचे पंचाक्षरी स्वामी मध्ये पडले आणि म्हणाले, मल्लम्मानं महादेवाच्या पिंडीवरचा बेल उचलून सांगावं.

दिवाळीच्या पाडव्याला मल्लम्मानं बेल उचलला. लिंब आणि पट्टी माझ्या मालकाच्या वाट्याची, असं तिनं साऱ्या गावासमोर सांगितलं. मुदत वेळा अमावास्येपर्यंत. तोवर बेल उचलणाऱ्यानं गावाची शीव ओलांडायची नाही, आणि त्याच्यावर काही अरिष्ट आलं नाही तर त्याचा शब्द खरा. महालिंगप्पानंही मान्य केलं. तो माणूस वाईट नव्हता. ‘वैनी खोटं बोलायची न्हाय,’ तो उघड म्हणायचा, ‘पण देवानं सांगितलं की माझ्या मनात काटा ऱ्हानार न्हाय.’

मल्लम्माला पीनस होता. नाक आतून सुकून खपल्या धरायच्या आणि वास यायचा. या रोगाची खोड अशी की वास साऱ्यांना येतो, फक्त ज्याचं नाक त्याला येत नाही. शरणबसप्पानं तो वास आयुष्यभर सोसला आणि बायकोला एका शब्दानं दुखवलं नाही. त्यामुळं आपल्याला असं काही आहे हे मल्लम्माला नीटसं ठाऊकच नव्हतं. बायका पाणवठ्यावर जरा लांब उभ्या राहतात त्या विधवा म्हणून, असं ती धरून चालली होती.

कार्तिक सरता सरता तिनं नाकावर पदर घ्यायला सुरुवात केली. नारायणरावांनी विचारलं तर म्हणाली, ‘पडसं हाय.’ मग तिचा चेहरा एका बाजूनं सुजला. रक्ताचे डाग पडलेल्या चिंध्या परसात वाळत दिसू लागल्या. परक्या बाईला किती विचारायचं, म्हणून नारायणराव गप्प राहिले आणि आपल्या डासांचे पाय मोजत बसले.

एके सकाळी शेजारची गौराबाई चुलीतला विस्तव न्यायला आली. मल्लम्मा भाकरी थापत होती. पदर सरकला, नाकातून पिठात काहीतरी पडलं आणि वळवळलं. गौराबाई किंचाळली ती साऱ्या आळीला ऐकू गेली. दुपार व्हायच्या आत गावात एकच वाक्य फिरत होतं: बेल उचललेल्या तोंडाला किडे पडले.

नारायणराव धावत आत गेले तेव्हा मल्लम्मा परातीसमोर तशीच बसून होती.

‘कधीपासून आहे हे?’

‘लई दिस न्हाय झालं. आत चालल्यावानी वाटतंय. डोळ्याच्या मागं ठणकतंय.’

‘मग सांगितलं का नाही, अक्का?’

तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू या शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये. ‘मुदत सरली की सांगनार हुते, साहेब. अमुश्या जवळ आली. तेवढं दिस काढले असते म्या.’

म्हणजे आपल्याला जितं खाल्लं जातंय हे या बाईला कळत होतं, आणि ती ओठ मिटून अमावास्येची वाट बघत होती! नारायणरावांना रडावं की ओरडावं ते समजेना.

तेवढ्यात दारात बैलगाडी येऊन थांबली. जू बैलांच्या मानेवर तसंच ठेवून महालिंगप्पा आत आला. दोन वर्षांत त्यानं त्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता.

‘वैनी, बसा गाडीत. उमरग्याला दवाखाना हाय. पट्टी गेली खड्ड्यात.’

‘न्हाय भावजी. शीव ओलांडली तर बेल खोटा पडंल.’

‘आता काय खोटा पडायचा ऱ्हायलाय?’ तो बोलून गेला आणि मग जीभ चावून भिंतीकडं बघत राहिला. त्यानं विनवलं, गौराबाईनं विनवलं, नारायणरावांनी सरकारी आवाज लावून पाहिला. ती जागची हलली नाही. शेवटी गाडी रिकामीच परत गेली.

मग जे काय करायचं ते नारायणरावांनाच करायचं होतं. त्यांच्या पेटीत टर्पेंटाइनची बाटली होती आणि डासांचे पंख उचलायचा बारीक चिमटा होता. माणसाच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. अंगणातल्या उन्हात मल्लम्माला उताणी निजवलं. सकाळी किंचाळलेली गौराबाईच तोंडाला पदर बांधून आली आणि तिनं मल्लम्माचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. नाकात टर्पेंटाइनचे थेंब सोडले की आतले किडे गुदमरून नाकपुडीशी येत, आणि चिमट्यानं एकेक ओढून काढावा लागे. नारायणरावांनी थोड्या वेळानं मोजायचं सोडून दिलं. मल्लम्मा ओरडली नाही. गौराबाईच्या मनगटात मात्र तिची नखं रुतली होती. सगळं झाल्यावर तिला पाणी पाजलं तर ते नाकातून बाहेर आलं. टाळूला भोक पडलं होतं. ती काहीतरी बोलली, तर शब्दही नाकातूनच आले आणि कुणाला कळले नाहीत.

हात तीनदा धुऊन नारायणराव सोप्यात आले. एक अळी त्यांनी काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढरी, जाड, अंगावर काळ्या काट्यांची कडी, स्क्रूच्या आट्यांसारखी. शेपटाकडं श्वासाच्या दोन तपकिरी टिकल्या, प्रत्येकीत तीन फटी, आणि भोवतीचं कडं एका बाजूनं उघडं. इथवर दोन-तीन जातींच्या अळ्या सारख्याच असतात. त्यांनी काच सरकवून डोक्याकडची बाजू आणली. तिथं श्वासनळीच्या तोंडाशी एक इवलासा पंखा असतो. मेल्या जनावरावरच्या माशीच्या अळीला त्या पंख्यात दहा-बारा बोटं असतात. इथं पाचच होती. त्यांनी दुसरी अळी घेतली, तिला पाच. तिसरीला सहा.

आणि खोटं कशाला सांगा, नारायणरावांना आनंद झाला. पलीकडच्या खोलीत बाई कण्हत असताना हा माणूस खुर्चीवरून उठून सोप्यात फेऱ्या घालू लागला. कारण या जातीची माशी मढ्यावर अंडी घालतच नाही. तिला जितं अंगच लागतं. गावाचं म्हणणं होतं की किडे सडक्याला पडतात, मल्लम्मा पापानं आतून सडली म्हणून पडले. ते म्हणणंच मुळात उखडलं जात होतं.

ते तिच्या अंथरुणाशी जाऊन बसले आणि सगळं समजावून सांगितलं. ‘ही माशी मेल्याला शिवत नाही, अक्का. वासराच्या नाळेला, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला, असं जित्यालाच धरते. वासरानं काय पाप केलेलं असतं?’

मल्लम्माचा शब्द पहिल्यांदा कळला नाही. ‘जित्यालाच?’ तिनं पुन्हा विचारलं.

‘जित्यालाच.’

तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. आपलं म्हणणं तिला पटलं असं समजून नारायणराव मठाकडं निघाले.

पंचाक्षरी स्वामी वयानं सत्तरीचे, बोलायला मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘साहेब, आळी म्हंजे आळी. तिची बोटं गावाला काय कळनार? माशी दावा. डोळ्यानं दिसलं तर गाव ऐकंल. अमुश्येच्या आदल्या दिशी देवळात बसू.’

म्हणून नारायणरावांनी उरलेल्या अळ्या बरणीत माती घालून तिच्यात सोडल्या. त्या खाली गेल्या आणि त्यांचे तपकिरी कोश झाले. मार्गशीर्षाची थंडी पडली होती, तेव्हा बरणी मल्लम्माच्या चुलीच्या उबेला ठेवावी लागली. जिचं नाक खाल्लं तिच्याच चुलीशी ते किडे शेकत बसले होते, आणि बाळंतघराबाहेर बाप ताटकळावा तसे नारायणराव उठल्यासुटल्या बरणीत डोकावत होते. दरम्यान मल्लम्माची जखम हळूहळू वाळू लागली. आवाज मात्र परतला नाही. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात त्या माळावर जाऊन नारायणरावांनी दुसऱ्या जातीची माशीही पकडून आणली. सरकारी साहेब नाकाला रुमाल बांधून मेल्या म्हशीभोवती जाळी घेऊन उड्या मारतोय, हे बघायला बांधावर बरीच मंडळी जमली होती.

ठरल्या वेळेच्या थोडंच आधी बरणीत माशी निघाली.

अमावास्येच्या आदल्या सकाळी महादेवाच्या देवळापुढं गाव जमलं. मल्लम्माला यायची मुभा नव्हती. किडे पडलेल्या बाईनं देवळाची पायरी चढायची कशी? ओट्यावर उन्हात सूक्ष्मदर्शक मांडलेला, शेजारी दोन टाचण्यांवर दोन माशा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकच: हिरवट निळ्या, झगझगीत, तोंड नारिंगी.

‘ही तर मेल्या ढोरावरची माशी हाय,’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘तेच बघायचंय,’ नारायणराव म्हणाले. ‘पंख जिथं अंगाला जुळतो तिथं बुडाशी एक पातळ पापुद्रा असतो. मेल्या म्हशीवरून आणलेल्या माशीचा पापुद्रा धुरकट, तपकिरी आहे. मल्लम्माच्या नाकातून निघाली तिचा पांढराशुभ्र. एकेकानं या आणि आपल्या डोळ्यांनी बघा.’

रांग लागली. कुणी डोळा लावून दचकून मागं सरायचं, कुणी दोन्ही डोळे मिटून ‘काय बी दिसंना’ म्हणायचं. मग रेवणसिद्ध नावाचा एक म्हातारा शेतकरी वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. ‘पांढरा हाय,’ तो म्हणाला. ‘खरंच पांढरा हाय की! अन् दुसरीचा मळकट. माझ्या बैलाच्या खांद्याला मागल्या साली ह्येच किडं पडलते. त्या बैलानं काय बेल उचलला हुता व्हय?’

गर्दीत हसू फुटलं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. महालिंगप्पाच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं दिसलं. आपण हरतोय याचाच त्याला आनंद झालेला. जिंकलं, असं नारायणरावांना वाटलं.

शेवटी स्वामी उठले. त्यांनी आधी एक माशी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. घाई अजिबात केली नाही.

‘साहेब, तुमचं खरं हाय. माशी येगळी हाय. मेल्याला सोडती, जित्यालाच धरती. मी मान्य केलं, गावानं बी करावं.’ ते थांबले. ‘आता येवढंच सांगा. गावात जिती मानसं काय कमी हायत? मग मुदत चालू असताना, बेल उचललेल्या तोंडावरच ती का बसली?’

याला उत्तर होतं. पण ते उत्तर म्हणजे त्या बाईची चव्हाट्यावर अब्रू काढणं होतं. तिचं सबंध आयुष्य वाचवायचं म्हणून नारायणरावांनी मन घट्ट केलं. ‘त्यांना पीनस आहे. नाकाला वास येतो. त्या वासावर माशी येते. लिंबाखाली दुपारी डोळा लागला असेल, तेव्हा बसली.’

बायकांनी माना खाली घातल्या. त्यांना वास ठाऊकच होता.

‘पीनस किती वर्सांचा?’ स्वामींनी विचारलं.

‘जुना असणार.’

‘तरनी हुती तवापास्नं हाय,’ गौराबाई हळूच म्हणाली. तिला वाटलं, आपण मदतच करतोय.

‘मग इतकी वर्सं माशी आली न्हाय,’ स्वामी म्हणाले. ‘लिंब तोच, नाक तेच, दुपार तीच. मुदतीतच का आली?’

माशीच्या अंगावरच्या केसाकेसाला नाव असतं आणि त्यांतली बरीचशी नारायणरावांना पाठ होती. याला मात्र त्यांच्याकडं एकच शब्द होता. ‘योगायोग,’ ते म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना पोकळ वाटला.

‘तुमी योगायोग म्हनता. आमी त्यालाच देव म्हनतो,’ स्वामी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘लिंब महालिंगप्पाचा.’

‘मला नको!’ महालिंगप्पा ओरडला.

‘नको म्हनायला तो मी देत न्हाय, बाबा. त्यानं दिलाय.’ स्वामींनी गाभाऱ्याकडं बोट केलं. गाव उठलं आणि पांगलं. रेवणसिद्ध म्हाताराही काठी टेकत निघून गेला.

नारायणराव पेटी घेऊन तावातावानं घरी आले. मल्लम्मा अंगणात चुन्याच्या भांड्यापाशी बसली होती. तिच्यापुढं पाच दगड होते, दर वर्षी ती मांडायची ते. निवाडा तिच्या कानावर आधीच आला होता.

‘आपण उस्मानाबादला जाऊ,’ ते म्हणाले. ‘मी कलेक्टरसाहेबांपुढं उभा राहतो. कोर्टात जाऊ. तुम्ही खऱ्या आहात, अक्का, मला ठाऊक आहे!’

‘साहेब,’ ती त्या नव्या, फुटक्या आवाजात म्हणाली. तिचं बोलणं आता नारायणराव आणि गौराबाई यांनाच नीट कळे. ‘ती माशी जितं कोन, मेलं कोन, ते वळखती व्हय?’

‘हो. म्हणून तर...’

‘येवढं वळखती, तर खरं कोन आन् खोटं कोन, त्ये बी वळखत असंल.’

हे नारायणरावांनीच तिला शिकवलं होतं. तिच्या उशाशी बसून, समजावून सांगून.

‘वाटनीच्या दिशी म्या पानी घिऊन शेतात गेलते,’ मल्लम्मा दगडाला चुना लावत सांगत होती. ‘मामंजींनी लिंबावर हात ठिवला आन् म्हनले, ह्यो तुझा. माझ्या मालकाकडं बघून म्हनले. येवढी वर्सं मला तसंच दिसायचं. आता डोळं मिटलं की मामंजी भावजींकडं बघत्यात. रोज बघत्यात. म्या खोटं नव्हते बोलले, साहेब. पर खोटंच आसंल त्ये.’

‘नव्हतं, अक्का. नव्हतं ते खोटं.’ ते पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिले. लहान पोराची समजूत काढतात तसं ती त्यांच्याकडं बघून हसली.

‘मला दावा की ती. साऱ्या गावानं बघितली.’

त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी सूक्ष्मदर्शक अंगणात मांडला, टाचणीवरची माशी खाली ठेवली. मल्लम्मानं चुन्याचे हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि वाकली. भिंगाखाली ते निळं-हिरवं अंग मोरपिसासारखं चमकत होतं, आणि पंखाच्या बुडाशी तो पापुद्रा, धुतलेल्या धोतरासारखा पांढरा.

‘अगं यव्वा,’ ती पुटपुटली. ‘किती देखनी हाय. ही म्हादेवाचीच आसनार.’

मग ती मागं सरली आणि तिनं त्या टाचणीवरच्या माशीला हात जोडले. डोळे मिटून, कपाळ भुईला लागेपर्यंत वाकून नमस्कार केला. नारायणरावांनी तिला उठवायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

‘हिचं नाव काय, साहेब?’ तिनं विचारलं.

नाव त्यांच्या जिभेवर होतं. पण सांगितलं असतं तर त्या फुटक्या टाळूनं ती त्या नावाचा जन्मभर जप करत बसली असती.

‘माहीत नाही, अक्का,’ ते म्हणाले.

तिनं मान हलवली, पाचवा दगड चुन्यात बुडवला, आणि वाळल्यावर पाचही दगड पदरात घेऊन ती दिराच्या दारात ठेवायला गेली.